शेवटच्या टाकीचं पाणी

यंत्रावर आकडा आला तेव्हा तोटीबाईला आधी हसूच आलं.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. दुरुस्तीला गेलेलं पाणी तपासायचं यंत्र तीन आठवड्यांनी परत आलं होतं, आणि आल्या आल्या त्याने हे दिवे लावले होते. मधल्या नळाचं पाणी शून्य, शेवटच्या नळाचं चार. म्हणजे अर्ध्या वाटेत स्वच्छ असलेलं पाणी शेवटाला पोचेपर्यंत घाण होतंय. असं उफराटं कुठे असतं का?

"फ्यूजभाऊ, बाटल्या तुम्ही इकडच्या तिकडे केल्यात ना?" तिने ओरडून विचारलं.

फ्यूजभाऊ म्हणजे पंपघराचे इलेक्ट्रिशियन. काहीही बिघडलं की "फ्यूज गेला असेल" हे त्यांचं पहिलं निदान, आणि दहातल्या नऊ वेळा ते चुकायचं. ते स्टुलावर बसून चहा पीत होते.

"मी? तुमच्या बाटल्यांना? मागे एकदा हात लावला होता तर दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हतात."

तेही खरंच होतं. तिने नव्या दोन बाटल्या घेतल्या, शेवटचा नळ दोन मिनिटं वाहू दिला, बाटली अर्धी भरली, बूच लावलं आणि तीस आकडे मोजत हलवली. पाण्यात काही असेल तर हलवल्यावर ते वरच्या हवेत येतं. मग बूच जरासं उघडून यंत्राची नळी आत धरायची. तिने धरली. चार. पुन्हा भरली, पुन्हा हलवली. चार पूर्णांक दोन.

आता तिला हसू आलं नाही. दहा वर्षांत या नळाने शून्याशिवाय दुसरा आकडा दाखवला नव्हता.

तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांसाठी ती तोटीबाई. दर तीन महिन्यांनी बाटल्यांची पेटी घेऊन घरोघर फिरणारी, लोकांच्या नळाच्या तोट्या पुसून, पाणी वाहू देऊन मगच नमुना घेणारी बाई आणखी कुठल्या नावाने ओळखली जाणार? लॅबला पाठवायच्या बाटलीत तर एक बुडबुडासुद्धा राहिलेला तिला चालायचा नाही. लोक वैतागायचे. "एका बुडबुड्याने काय आभाळ कोसळतंय, तोटीबाई?" त्यावर ती म्हणायची, "विष त्या बुडबुड्यात जाऊन बसतं, आणि मग लॅबवाले म्हणतात तुमचं पाणी छान आहे. चालेल?" तिचा नवरा केशकर्तनालय चालवायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या घरी पाणी मागितलंत तर आधी पेल्यावर तारीख आणि वेळ लिहावी लागते." गिऱ्हाइकं हसायची, आणि खरं सांगायचं तर तोटीबाईलाही ते आवडायचं. चोख म्हणून कुणी थट्टा केलेली कुणाला नको असते?

ती ज्या जागेवर काम करत होती तिथे पूर्वी कुलुपांचा कारखाना होता. कुलुपांच्या सुट्या भागांना तेल लागलेलं असायचं, ते धुवायला एक पातळ, गोडसर वासाचं रसायन वापरत. धुऊन झालं की उरलेलं मागच्या खड्ड्यात ओतायचे. "उडून जातं ते," असं मुकादमापासून मालकापर्यंत सगळे म्हणायचे. थोडं उडालंही असेल. बाकीचं गुपचूप खाली गेलं, जमिनीतल्या पाण्यात मिसळलं आणि ओढ्याच्या दिशेने सरकत राहिलं. पाणी कुठे मुरतंय हे कळायला तीस वर्षं लागली, तोवर कारखानाही बंद झाला आणि मालकही दिसेनासा झाला.

तोटीबाईचे वडील त्या धुण्याच्या हौदावरच होते. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला तो गोड वास यायचा. ती आणि तिची थोरली बहीण त्या सदऱ्यात तोंड खुपसायला भांडायच्या. बाबांचा वास, असंच त्यांना वाटायचं. पुढे याच कारखान्यातला एक कामगार ताईचा नवरा झाला. ओढ्याकाठी त्यांनी घर बांधलं, दारात विहीर खणली, आणि वीस वर्षांनी त्याची मूत्रपिंडं गेली, मग तोही गेला. विहिरीच्या पाण्यामुळेच असं ठामपणे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईने मान डोलावली, घरी आली, विहिरीवर पत्रा टाकला आणि पत्र्यावर दगड ठेवला.

त्याला आता बारा वर्षं झाली होती. तो गेल्यावर दोन वर्षांनी इथे शुद्धीकरणाचं काम सुरू झालं तेव्हा तोटीबाई झाडलोटीला लागली, आणि झाडता झाडता सगळं शिकली. सहा बोअरमधून घाण पाणी वर काढायचं. उंच मनोऱ्यातून ते खाली सोडायचं आणि खालून वारा फुंकायचा. मग कोळशाच्या दोन टाक्यांतून, एकीतून दुसरीत, गाळायचं आणि ओढ्यात सोडायचं. पहिली टाकी घाण खाते, दुसरी राखणीला असते. दोन्हींच्या मधे एक नळ, शेवटी एक नळ. मधल्या नळात घाण दिसायला लागली की पहिलीचं पोट भरलं असं समजायचं. मग तिच्यात नवा कोळसा भरायचा आणि जागा बदलायच्या. आतापर्यंत राखणीला असलेली टाकी पुढे जाते, नवी भरलेली राखणीला येते. टाक्या काही हलत नाहीत, चार व्हॉल्व्ह फिरवून पाण्याचा रस्ता बदलायचा. आणि कुठली पहिली, कुठली शेवटची हे विसरू नये म्हणून साखळीला पत्र्याचे दोन बिल्ले असतात, तेही बदलायचे.

आधी व्हॉल्व्ह, मग बिल्ला. हा नियम तोटीबाईने स्वतः तेलरंगाने भिंतीवर लिहिला होता. नव्या माणसाला ती तो तीनदा म्हणायला लावायची.

आता ती त्या भिंतीसमोर उभी राहिली आणि व्हॉल्व्हच्या मुठी बघू लागली. मूठ पाइपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. तिने पाइपवर बोट ठेवलं आणि पाणी जातं तसं बोट नेत गेली. मनोऱ्यातून डाव्या टाकीत, डावीतून उजवीत, उजवीतून बाहेर. डावीच्या साखळीला बिल्ला होता, 'शेवटची'.

तिने पुन्हा एकदा बोट नेलं.

बिल्ले बदलले होते. व्हॉल्व्ह बदललेच नव्हते. नव्या कोळशाची टाकी पुढे लागली होती आणि घाणीने भरत आलेली टाकी शेवटाला. कोळसा यायला या खेपेला चार महिने उशीर झाला होता, त्या सगळ्या काळात राखणीच्या टाकीनेच मार खाल्ला होता. आता नव्या टाकीतून स्वच्छ होऊन निघालेलं पाणी त्या जुन्या कोळशातून जात होतं आणि त्याच्या अंगचं विष धुऊन घेऊन ओढ्यात उतरत होतं. घासून पुसून ठेवलेलं ताट शेवटी मळक्या फडक्याने पुसावं, तसं. तेही नऊ दिवस, आणि रात्रंदिवस.

"काय झालं? फ्यूज गेला?" फ्यूजभाऊंनी विचारलं.

नऊ दिवसांपूर्वीची दुपार तिला स्वच्छ आठवत होती. कोळसा भरून झाला होता, कोळसा आणणारी माणसं घाई करत होती, कागदावर सही करा म्हणत होती. बिल्ले तिच्या हातातच होते म्हणून तिने आधी तेच अडकवले. फक्त एकदाच, म्हटलं, काय होतंय. आणि व्हॉल्व्हकडे वळणार तेवढ्यात फोन वाजला. ताईचा.

"ठमे, ऐक," ताई म्हणाली होती. "प्यायले मी. आत्ता, पेलाभर. गोड आहे गं पाणी!"

त्याआधी पाचच दिवस तोटीबाई स्वतः ते पत्र घेऊन ताईकडे गेली होती. सलग दोन वर्षं ताईच्या विहिरीचे नमुने स्वच्छ आले होते आणि पाणी प्यायला हरकत नाही असं कार्यालयाने लिहून दिलं होतं. कार्यालयाकडून येणारे पिण्याच्या पाण्याचे कॅन महिनाअखेरीपासून बंद होणार होते. तोटीबाईने तो दगड स्वतःच्या हातांनी बाजूला केला होता. शेजारची तरुण सून कडेवर पाच महिन्यांचं बाळ घेऊन बघत उभी होती. "मावशी, खरंच प्यायचं?" असं तिने विचारलं तेव्हा तोटीबाई तोऱ्यात म्हणाली होती, "ताईला विचार ना. ती पिणारच आहे." ताई मात्र काहीच बोलली नव्हती. आणि मग पाच दिवसांनी तो फोन. फोन ठेवला तेव्हा तोटीबाईचे डोळे भरून आले होते. भरल्या डोळ्यांनीच तिने पंपाचं बटण दाबलं होतं.

म्हणजे ताईने बारा वर्षांनी तोंड लावलं त्याच घटकेपासून तोटीबाईने ओढ्यात विष सोडायला सुरुवात केली होती. ताईची विहीर ओढ्यापासून सहा पावलांवर, विहिरीतलं पाणी उपसलं की ओढ्याचंच आत येतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण तिच्या मनालाही हे कधी सुचलं नसतं.

तिने पंप बंद केला. लाल दिवा लागला. लाल दिवा लागला की दूरच्या मुख्य कार्यालयात साहेबांच्या पडद्यावरही लागतो, म्हणून दोन मिनिटांत फोन आला.

"काय झालं? बंद का केलंत?"

"प्रेशर," तोटीबाई म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिला बोलून झाल्यावर कळलं. "प्रेशर वाढलं होतं, साहेब. बघते मी."

"ठीक आहे. तासाभरात कळवा. तुम्ही आहात म्हणजे मला काळजी नाही."

ते शेवटचं वाक्य साहेबांनी म्हटलं नसतं तर फार बरं झालं असतं. तिने फोन खिशात ठेवला. समोर चार मुठी होत्या. त्या फिरवायला अर्धं मिनिट पुरे, फ्यूजभाऊंची पाठ होती, यंत्रावरचे आकडे अजून कुठेच लिहिलेले नव्हते. तिने हात पुढे केला, आणि इस्तरी तापली असावी तसा मागे घेतला. आधी ताई.

"कशाला हात लावू नका," ती म्हणाली. "मी आलेच."

ताईचा फोन लागला नाही. लागणार तरी कसा, ताई फोन उशीखाली ठेवून दिवसभर अंगणात असायची. तोटीबाईने सायकल काढली. ओढ्याच्या कडेने जाणारी वाट पंधरा मिनिटांची. सुरुवातीलाच त्यांचा पाइप ओढ्यात उघडत होता, पंप थांबल्यामुळे त्यातून आता नुसते थेंब पडत होते. खालचं पाणी कसं दिसत होतं म्हणता? आरशासारखं. तळाचे खडे मोजावेत असं. तिला त्या स्वच्छपणाचीच भीती वाटली. घाण पाणी निदान तोंडाने सांगतं, मी घाण आहे.

वाटेत ती मनातल्या मनात हिशेब करत होती. ओढ्यात मिसळल्यावर किती पातळ होईल? विहिरीत पोचेपर्यंत किती उरेल? ताई दिवसाला किती पिते, सहा पेले? चहा धरून आठ? चार-आठ दिवसांच्या पाण्याने काही होत नाही, असं एकदा साहेबच म्हणाले होते. हे विष वर्षानुवर्षांचं आहे. हो, पण ताईच्या अंगात वर्षानुवर्षांचं आधीचंच आहे. तीही वीस वर्षं तेच पाणी प्यायली होती. भरलेल्या टाकीत आणखी किती मावतं? तोटीबाईच्या घशाला कोरड पडली होती, दांडीला पाण्याची बाटली लटकत होती, पण ती उघडून प्यायचं तिला धाडस झालं नाही. बाटली तर घरच्या नळाची होती.

ताई अंगणात होती. विहिरीवरचा पत्रा बाजूला होता, दोर ओला होता, आणि बादलीत काठोकाठ पाणी होतं.

"ठमे? या वेळी? आणि चेहरा का असा झालाय तुझा?"

"ताई, प्यायलीस?"

"काय?"

"हे. विहिरीचं. आज किती प्यायलीस? रोज किती पितेस? पोटात दुखतंय? लघवीला नीट होते का?"

"अगं, आल्या आल्या हे काय विचारणं! बस आधी."

तोटीबाई बसली नाही. सायकल तिच्या हातातून सुटून आडवी पडली आणि त्याबरोबर तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. बिल्ले, व्हॉल्व्ह, फोन, चार पूर्णांक दोन. सांगताना कशाचा कशाला मेळ नव्हता. "माझ्या हातून झालं, ताई. नऊ दिवस. तुझा फोन आला आणि मी... नाही, तुझा काही दोष नाही. माझाच. आधी व्हॉल्व्ह, मग बिल्ला. मीच लिहिलंय ते भिंतीवर."

ताईला टाक्यांचं काही समजलं नसेल, पण धाकट्या बहिणीला इतकी घाबरलेली तिने लहानपणापासून पाहिली नव्हती. ती तोटीबाईला हाताला धरून आत घेऊन गेली. खाटेला लावलेली चादर तिने वर केली. खाटेखाली पाण्याचे कॅन ओळीने लावले होते. कार्यालयाकडून येणारे, निळ्या झाकणाचे. दोन रिकामे, पाच भरलेले.

"मी नाही प्यायले," ताई म्हणाली. "एक घोटसुद्धा नाही."

तोटीबाई कॅनकडे बघत राहिली. "पण तू फोन केलास. गोड आहे म्हणालीस."

"म्हणाले."

"का?"

"तुझं मन मोडवेना म्हणून. ते पत्र घेऊन आलीस तेव्हा तुझा चेहरा बघायला हवा होतास. जणू वर्गात पहिली आलीस. पाच दिवस पेला भरत होते आणि ओतत होते." ताई खाटेच्या कडेला टेकली. "तुझ्या भावोजींना या विहिरीचं पाणी मीच देत होते गं. याच हातांनी, वीस वर्षं. पेला वर उचलला की तेच दिसायचं. मग म्हटलं, न पिता पिते म्हणून सांगितलं तर कुणाचं काय जातंय?"

"मग रोज उपसतेस ते?"

"झाडांना घालते. पण उपसते दारात उभी राहून, सगळ्यांना दिसेल असं. नाहीतर लोक म्हणतील, सख्खी बहीण पीत नाही, मग हिचं कसलं आलंय स्वच्छ पाणी!"

तोटीबाई खाली जमिनीवर बसली आणि रडली. सुटकेचं रडू होतं, आणि त्यात एक काटाही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. दहा वर्षं जिच्यासाठी बाटल्या भरल्या तिचाच आपल्यावर विश्वास नव्हता. आणि विश्वास नव्हता म्हणूनच ती वाचली होती. यावर रागवावं की पाया पडावं हे तिला कळेना.

"पुरे आता. तोंड धू," ताई म्हणाली. मग स्वतःच उठली आणि कॅनमधलं पाणी पेल्यात ओतून तिच्या हातात दिलं. "मी ठणठणीत आहे ना? मग झालं तर. जा आणि ते काय फिरवायचंय ते फिरवून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी जायची तुझी, आणि लोक जन्मभर बोट दाखवतील ते वेगळंच."

तोटीबाई पाणी प्यायली. सकाळपासूनचा पहिला घोट. खरंच की, कुणाचं काय बिघडलं होतं? चार मुठी, अर्धं मिनिट. साहेबांना सांगायचं, प्रेशर उतरलं. जुन्या टाकीतला कोळसा लवकर बदलून घ्यायचा, काहीतरी निमित्त सांगून. यंत्र नुकतंच दुरुस्तीहून आलंय, त्याच्या आकड्यावर एवढा काय भरवसा? दहा वर्षं ज्या बाईने बुडबुडा खपवून घेतला नव्हता, ती आता मनात असं सगळं जुळवत बसली होती. आणि ते किती पटापट जुळत होतं!

ताई अंगणात जाऊन विहिरीवर पत्रा ओढत होती. पत्र्याचा आवाज अर्ध्यावरच थांबला.

"ठमे."

ती दारात आली. ताई पत्रा हातात धरून शेजारच्या घराकडे बघत होती.

"तिने मला विचारलं होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सुनेने. अहो मावशी, तुम्ही पिता का खरंच? मी म्हटलं, हो, रोज पिते. माझी बहीणच आहे ना तिथे." तिने पत्रा खाली टेकवला. "तेव्हापासून तीही नेते. रोज सकाळी दोन बादल्या. मला वाटलं कपड्यांना."

"कपड्यांनाच नेत असेल."

"हो. असेल."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाळ पाच महिन्यांचं होतं, आणि आईचं दूध कमी पडतं म्हणून त्याला वरचं दूध चालू होतं, हे दोघींनाही माहीत होतं. डब्यातल्या भुकटीत पाणी घालून.

शेजारचं दार वीस पावलांवर होतं. तोटीबाईला पुढे ती वीस पावलं कधी आठवली नाहीत. ताईचा हात तिच्या मनगटावर होता आणि दोघींपैकी कोण कुणाला ओढत होतं हेही सांगता आलं नसतं. दार उघडंच होतं. आत एकच खोली, एकच खिडकी, तीही वाऱ्याने बाळाला सर्दी होईल म्हणून लावून घेतलेली. कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं आणि खोलीभर वाफ कोंडली होती. बाळ शेगडीपासून दोन हातांवर दुपट्यात पडून पाय झाडत होतं.

"या ना मावशी! दोघी एकदम?" सून हसली. तिच्या हातात दुधाची बाटली होती, आणि ती भुकटी विरघळावी म्हणून जोरजोरात हलवत होती. तोटीबाईच्या डोक्यात आपोआप आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन, चार.

"ते कुठलं पाणी आहे?"

"हे? विहिरीचं." तिने बाटली उजेडात धरून पाहिली. "काळजी करू नका, दोनदा उकळते मी. चांगलं दहा दहा मिनिटं. उकळलं की जे काही असेल ते उडून जातं, नाही का?"

उडून जातं. तोटीबाईने वर बघितलं. वाफ छताला लागून पुन्हा खाली उतरत होती. हा शब्द तिने बाबांच्या तोंडून ऐकला होता, मुकादमाच्या ऐकला होता. उडून कुठे जातं, हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. तिने पुढे होऊन शेगडी बंद केली, खिडकी उघडली, आणि सुनेच्या हातातली बाटली काढून घेतली.

"ते पाजू नकोस."

"का हो, मावशी?" सून अजून हसतच होती. "तुमचंच तर पाणी आहे."

बाटली कोमट होती. बाळाने आपली बाटली दुसऱ्याच कुणाच्या हातात पाहिली आणि भोकाड पसरलं. तोटीबाईने खिशातून फोन काढला. बाहेर जाऊन बोलावं, असं तिला वाटलं. ताईनेही डोळ्यांनी तेच सुचवलं. पण ती तिथेच, दारात उभी राहिली, सुनेकडे तोंड करून, तिला प्रत्येक शब्द ऐकू जाईल अशी. पलीकडून साहेबांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"बोला. उतरलं का प्रेशर?"

"साहेब, प्रेशर वाढलंच नव्हतं," तोटीबाई म्हणाली. "मी खोटं बोलले. वही घ्या आणि लिहा. आधी डॉक्टर पाठवा. पाच महिन्यांचं बाळ आहे."